गॅलरी, देवडी, ओटा : परळच्या एका चाळीच्या कामाच्या नोंदी

२८ फेब्रुवारी २०२५

आज चाळीच्या दुरुस्तीच्या कामाच्या पत्रावर सह्या झाल्या; आराखडा आणि देखरेख माझ्याकडे. परळ आणि हिंदमाता यांच्या मधली, तळमजला अधिक तीन मजल्यांची चाळ. मधे चौक, चौकाभोवती गॅलऱ्या आणि रस्त्याच्या अंगाला, म्हणजे पश्चिमेला, आणखी एक लांब गॅलरी. खांब सागवानी, तुळया लोखंडी, काही खांबांना बुडाशी वाळवी. चाळीच्या कमिटीने मागितलेली कामं अशी: खांब-तुळया, गच्चीची गळती, कठडे, चौकातली फरशी आणि "जमलं तर एक रॅम्प".

त्या "जमलं तर"मुळे ही वही सुरू करते आहे. खोल्या दहा बाय बाराच्या, एकेका खोलीत पाच-सहा माणसं. तांदूळ निवडणं, मुलांचा अभ्यास, दुपारची डुलकी, आजारी माणसाची खाट, उन्हाळ्यातली रात्रीची झोप, हे सगळं गॅलरीत होतं. या लोकांचं अर्धं घर दाराबाहेर आहे. त्यामुळे उरलेल्या पैशांत शेवटी उरकायचं काम म्हणून गॅलरीकडे बघायचं नाही, हे मी पहिल्याच बैठकीत सांगितलं. सचिव काकांनी मान डोलावली, खजिनदारांनी नाही.

या आठवड्यात सांताक्रूझला पारा ३८.७ अंशांवर गेला. किनारपट्टीवर कमाल तापमान ३७ च्या पुढे आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त झालं की हवामान खातं उष्णतेची लाट मानतं. अजून होळीसुद्धा झालेली नाही.

७ मार्च

टेप काढण्याआधी नुसतं बसून पाहायचं ठरवलं होतं. सकाळी चौकात, दुपारी मजल्यांवर, संध्याकाळी पुन्हा खाली. कोण कुठे बसतं, किती वाजता उठून जातं आणि कुठे जातं, एवढंच टिपलं.

दुपारी दोननंतर पश्चिमेची गॅलरी रिकामी होत जाते. तीनपर्यंत तिसऱ्या मजल्यावर फक्त एक खाट उरते. तिच्यावरच्या आजींना अर्धांगवायूचा झटका येऊन गेलाय, उजवी बाजू चालत नाही. खोलीत खाट मावत नाही, म्हणून ती दाराशेजारी भिंतीला लावलेली. बाकी सगळे सावलीमागे चौकाच्या बाजूला सरकतात. आजी सरकू शकत नाहीत. सून तासातासाने येऊन डोक्याशी टॉवेलचा आडोसा करते आणि ऊन सरकलं की टॉवेलही सरकवते.

या सगळ्या कामाचं माप मी त्या खाटेवरून धरणार आहे. ज्याला उठून दुसरीकडे जाता येतं तो कुठेही निभावून नेतो. ज्याला जाता येत नाही त्याचा सगळ्यात वाईट तास कोणता, हे बघून छज्जा, कठडा, उतार ठरवायचा. मे महिन्यातले दुपारचे चार आणि जुलैतला वाऱ्यासकटचा पाऊस, या दोन वेळांना जागा चालली तर ती वर्षभर चालेल.

दुसरी गोष्ट सापडली ती प्रवेशाच्या बोळात. रस्त्यावरून चौकात येताना पुढच्या इमारतीच्या पोटातून जाणारा हा नऊ फूट रुंद, छत असलेला रस्ता. आत दोन्ही बाजूंना स्कूटर, एक मोडकं कपाट, भिंतीवर मीटरबॉक्स. दुपारी साडेतीनला तिथे उदबत्ती धरली तर धूर वर न जाता आडवाच चौकाकडे ओढला गेला. समुद्रावरचा पश्चिम वारा रस्त्यावरून आत शिरतो आणि तापलेल्या चौकातून वर निघून जातो. चाळीतली सगळ्यात गार जागा स्कूटरना दिलेली आहे.

१९ मार्च

कमिटीची बैठक लांबली. तिसऱ्या मजल्यावरच्या काही घरांना पश्चिमेची गॅलरी अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांनी बंद करून हवी आहे. त्यांची कारणं खरी आहेत: धूळ, कबुतरं, पावसाची झड, समोरच्या इमारतीतून पडणारी नजर, आणि मोठ्या झालेल्या मुलीला निजायला जागा. यातलं एकही कारण मी हसण्यावारी नेलं नाही.

पण पश्चिमेला काच लावली की ऊन आत येतं आणि वारा बाहेर राहतो. मुंबईच्या दमट हवेत अंगावरचा घाम वाळायचा तर वारा हवाच. सेकंदाला एक मीटर एवढी मंद झुळूक असली तरी अंगाला दोन-तीन अंशांनी गार वाटतं. पाण्याचा फवारा मारणारे पंखे नागपूरला उपयोगी पडतील. इथे हवेतच इतकं पाणी असतं की फवाऱ्याने फक्त चिकचिक वाढते. शिवाय बंद गॅलरी म्हणजे आगीच्या वेळी धूर कोंडणारी वाट. हा मुद्दा खजिनदारांनी आपणहून मांडला, बरं वाटलं.

कोणीतरी विचारलं, "मग नव्या टॉवरमध्ये गॅलऱ्या का नसतात?" सांगितलं ते इथे थोडक्यात. ६ जानेवारी २०१२ पासून मुंबईच्या विकास नियमावलीत बाल्कनी, फ्लॉवर बेड हे सगळं चटईक्षेत्रात, म्हणजे बांधायला परवानगी असलेल्या क्षेत्रफळात, मोजलं जाऊ लागलं आणि त्याच्या बदल्यात निवासी बांधकामाला ३५ टक्के फंजिबल, म्हणजे हवं तसं वापरता येणारं जादा, चटईक्षेत्र मिळालं. आधी मोकळ्या जागांच्या नावाखाली खोल्या वाढवल्या जात होत्या, तो गैरप्रकार थांबवायला हा बदल झाला आणि त्यासाठी तो योग्यच होता. पण खोली आणि बाल्कनी एकाच भावाने मोजली जायला लागल्यावर बांधणारा खोलीच बांधणार. पुनर्वसनाच्या इमारतीत मग मधोमध अंधारा कॉरिडॉर आणि दोन्ही बाजूंना दारं, एवढंच उरतं. तिथे दिवसाही दिवा लागतो आणि म्हातारी माणसं दार उघडून बसायची बंद होतात.

कंबाला हिलवरच्या कांचनजंगा इमारतीत चार्ल्स कोरियांनी १९८३ साली हाच प्रश्न सोडवला होता: मुंबईत चांगला वारा आणि समुद्र पश्चिमेला, पण कडक ऊन आणि पाऊसही तिकडूनच. त्यांनी घरांच्या कोपऱ्यांत खोल, दुमजली उंचीच्या गच्च्या कोरल्या आणि खोल्या त्यांच्यामागे नेल्या. आमच्या चाळीला ही खोल सावलीची जागा जन्मापासून मिळालेली आहे. ती घालवू नये, एवढंच माझं म्हणणं.

ठरलं असं की पश्चिमेच्या गॅलरीचा एक गाळा, म्हणजे दोन खांबांमधला भाग, मी नमुना म्हणून करून दाखवायचा. तोवर खिडक्यांचा निर्णय नाही.

६ एप्रिल

रामनवमीची सुट्टी, मुलं मदतीला. संध्याकाळी पाचला सूर्य क्षितिजापासून साधारण २६ अंशांवर होता. छज्ज्याची कड जमिनीपासून नऊ फुटांवर. गॅलरी पाच फुटांची. या कोनात ऊन गॅलरी ओलांडून दारातून शिरतं आणि खोलीच्या मागच्या भिंतीला लागतं. मुलांनी भिंतीवर त्या कडेची रेघ मारली. नुसत्या छज्ज्याने ही खाट सावलीत ठेवायची तर तो दहा फुटांहून जास्त बाहेर काढावा लागेल, म्हणजे रस्त्यावरच. पश्चिमेला आडवा छज्जा पुरत नाही, उभा आडोसा लागतो.

नमुन्याच्या गाळ्यात आज बांबूचा चिक, म्हणजे कामट्यांचा पडदा, टांगला. खालपर्यंत सोडला तर सावली मिळते, वारा मरतो. कठड्याच्या वरच्या दांड्याशी थांबवला तर खालून वारा येतो. लोक जमिनीवर बसतात, जमिनीवर झोपतात, त्यामुळे वारा लागतो तो गुडघ्याच्या खाली. जुन्या कठड्याच्या उभ्या लाकडी पट्ट्यांनी हे काम इतकी वर्षं केलं. काही घरांनी मागे पत्रा ठोकला आहे, तिथे बसून पाहावं, लगेच कळतं.

म्हणून कठडा असा: उभ्या पट्ट्या, पण ४५ अंशांत फिरवून बसवलेल्या, नैऋत्येकडे उघडणाऱ्या. मेमधला संध्याकाळचा सूर्य पश्चिमेपासून उत्तरेकडे सरकलेला असतो, तो अडतो. समोरच्या इमारतीतली नजरही बरीच अडते, आणि नैऋत्येचा वारा शिरतो. पट्ट्यांमधली फट चार इंचांच्या आत, लहान मुलाचं डोकं जाऊ नये म्हणून. पावसाळ्यात याच फटींतून थोडं पाणी येईल. त्यासाठी जमिनीला बाहेरच्या बाजूने उतार देऊन कडेला पन्हळ ठेवते आहे. वारा ठेवायचा तर एवढं पाणी पत्करावं लागेल, आणि मी ते पत्करायच्या बाजूची आहे.

११ एप्रिल

दुसऱ्या मजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झालेत. दृष्टी लहानपणीच गेली. त्यांच्यासोबत जिन्यापासून घरापर्यंत आणि परत असं चाललो. मी मार्गदर्शक टाइल्सचा नमुना नेला होता.

"ताई, टाइल लावा, पण आधी चपलांचे रॅक एका बाजूला करा," काका म्हणाले. "रॅक आज इकडे, उद्या तिकडे. टाइलवरच कोणीतरी पिंप ठेवेल."

"कठडा हाताशी असतो ना?"

"कठड्यावर ओले कपडे. मी भिंतीच्या बाजूने चालतो. जिना आला की वारा बदलतो, आवाज मोकळा होतो. तिथे पत्रा मारू नका, नाहीतर मला जिना सापडायचा नाही."

जिन्याच्या तोंडाशी पत्रा लावायची मागणी यादीत होती, पावसासाठी. ती काढून टाकली. त्याऐवजी वरच्या बाजूला तिरक्या लाकडी पट्ट्या, हवा खेळेल अशा.

बाकी ठरलं ते: रॅक, पिंपं, वॉशिंग मशीन हे सगळं खोलीच्या भिंतीच्या बाजूला, दोन दारांच्या मधल्या भागात. कठड्याच्या बाजूने वाट पूर्ण मोकळी. कपड्यांच्या दोऱ्या कठड्याबाहेर, आकड्यांवर. भिंतीतून पुढे आलेली कुठलीही वस्तू जमिनीपर्यंत पोचलेली असावी. नुसतं अधांतरी शेल्फ पांढऱ्या काठीला लागत नाही, थेट कपाळाला लागतं. काकांची वाट मग भिंतीऐवजी कठड्याच्या बाजूने जाईल, म्हणून कठड्याच्या दांड्याखाली आतल्या अंगाला हाताला लागेल असा दुसरा गोल दांडा. तो दर दारासमोर तुटतो आणि काकांच्या दारासमोर त्याला एक खाच आहे. ती त्यांनीच सुचवली.

पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी सगळीकडे. मोतीबिंदू झालेल्यांना ती काकांपेक्षा जास्त लागेल.

२३ एप्रिल

रॅम्प. चौकातून तळमजल्याच्या गॅलरीत चढायला सहा-सहा इंचांच्या चार पायऱ्या आहेत, म्हणजे दोन फूट. १:१२ च्या उताराने चोवीस फूट लांबी, वर आणि खाली पाच-पाच फुटांचा सपाट भाग, खुर्ची वळवायला. चौकाची उत्तरेची बाजू बरोब्बर पुरते. रॅम्प तिथेच, वरच्या गॅलरीच्या सावलीत. स्वतंत्र शेड नाही, भर उन्हात तापणारा पत्राही नाही.

तळमजल्यावर कॉलेजला जाणारी एक मुलगी व्हीलचेअर वापरते. वडील रोज सकाळी खुर्चीसकट तिला चार पायऱ्या उतरवतात. तिला आराखडा दाखवला. तिने रॅम्पवरून बोट पुढे सरकवत फाटकापर्यंत नेलं आणि म्हणाली, "इथपर्यंत छान. पण टॅक्सी रस्त्यावर थांबते. मला खुर्चीतून सीटवर जायला आणि खुर्ची डिकीत टाकायला वेळ लागतो. पावसात तेवढा वेळ मी, बाबा आणि खुर्ची, तिघंही भिजतो. मग ओल्या कपड्यांनी दिवसभर वर्गात."

हे ऐकल्यावर बोळाचं काम यादीत सगळ्यात वर गेलं. नऊ फूट रुंदीत टॅक्सी मागे घेऊन आत येते, मागचं दार छताखाली उघडतं. फक्त स्कूटर हलवायला हव्यात.

१५ मे

शून्य सावलीचा दिवस. दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास चौकाच्या मध्यावर ओळंबा टांगला. ढग होते, ऊन मधूनच यायचं, आलं तेव्हा ओळंब्याची सावली त्याच्या बरोबर खाली होती. मुलांनी फोटो काढले.

माझं काम वेगळं होतं. इथून जुलैच्या शेवटापर्यंत, २८ जुलैच्या आसपास पुन्हा शून्य सावली येईतो, भर दुपारी सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो. मुंबईतले कित्येक नकाशे उत्तरेला छज्जाच देत नाहीत, "तिकडे ऊन कुठे येतं?" म्हणून. उत्तराभिमुख गॅलरीला या दिवसांत सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन येतं, हे आज पुन्हा सगळ्यांना दाखवलं. त्या बाजूच्या छज्ज्याचं काम यादीतून कापायचं चाललं होतं, ते वाचलं.

२६ मे

हवामान खात्याने आज मुंबईत मोसमी पाऊस आल्याचं जाहीर केलं. नेहमीची तारीख ११ जून. इतक्या लवकर आल्याची नोंद पूर्वी नाही. आमची अर्धी गच्ची उघडी. मिस्त्रींनी आणि पोरांनी रात्रीत ताडपत्र्या ओढल्या म्हणून वरच्या खोल्या वाचल्या.

उन्हाळ्याची कामं मेअखेरपर्यंत आणि पावसाळ्याची तयारी जूनच्या पहिल्या आठवड्यात, हे वेळापत्रक या शहरात प्रत्येक कंत्राटात छापलेलं असतं. आता त्यात १५ मे लिहायला लागेल.

बांबूच्या चिकाने पहिल्या वाऱ्यातच फडफड करून दोऱ्या तोडल्या. ऊन अडवायला तो ठीक, पावसाला नाही.

३ जून

पाऊस थांबला की मुलं खडू घेऊन गॅलरीत धावतात. जमिनीवर ओल कुठवर आली तिथे रेघ, शेजारी तारीख. पश्चिमेच्या तिसऱ्या मजल्यावर झड भिंतीपर्यंत पोचते, पहिल्या मजल्यावर जेमतेम अडीच फूट, कारण समोरच्या इमारतीचा आडोसा आहे. एकाच गॅलरीला तीन मजल्यांवर तीन वेगळी उत्तरं लागणार. सगळीकडे एकच छज्जा काढून पैसे घालवण्यात अर्थ नाही.

दरवर्षी काय होतं ते लोकांनी सांगितलं: जूनमध्ये निळं प्लास्टिक वरपासून खालपर्यंत बांधायचं ते दसऱ्याला सोडायचं. चार महिने गॅलरीत अंधार, दमटपणा, भिंतीला बुरशी. आजींची खाट तेव्हा आत घेतात आणि सून-मुलगा स्वयंपाकाच्या ओट्यापाशी झोपतात.

त्यामुळे तिसऱ्या मजल्यासाठी झडप. वरच्या बाजूला बिजागऱ्या, लाकडी चौकटीत तिरक्या पट्ट्या, खालून बाहेर ढकलून लोखंडी टेकूवर ठेवायची. पाऊस बाहेरच्या बाहेर ओघळतो, खालून वारा येतो, उन्हातही तीच झडप खाली ओढून घेता येते. कोकणात पावसाळ्याआधी पडवीला माडाच्या झावळ्यांची झड, म्हणजे आडोसा, बांधतात. इथल्या कितीतरी घरांचं गाव रत्नागिरी-सिंधुदुर्ग असल्यामुळे कल्पना समजावून सांगावी लागली नाही. सुतारकाकांनी तर माझ्या चित्रात टेकूची जागा बदलून दिली.

झडपेची दोरी पुलीवरून खाली आणली आणि ती अडकवायचा खुंटा जमिनीपासून तीन फुटांवर ठेवला. बसलेल्या माणसाच्या, खुर्चीवरच्या मुलीच्या, दहा वर्षांच्या मुलाच्याही हाताला येतो. एका हाताने ओढता आली पाहिजे, ही अट. आजींचा डावा हात चालतो.

२१ जून

रॅम्पला कोटा दगड, टाकी मारलेला, म्हणजे छिन्नीने बारीक रेघा पाडलेला. टाके उताराला आडवे पडले पाहिजेत, उभे मारले तर पाण्याबरोबर चाक घसरतं. पाथरवटाने पहिल्या दोन लाद्या उभ्या मारून आणल्या होत्या, त्या बसायच्या जागेसाठी बाजूला ठेवल्या. रॅम्पच्या तोंडाशी पाणी वाहून नेणारी जाळी आहे, तिच्या फटी अर्ध्या इंचाहून कमी आणि चाकाच्या दिशेला आडव्या.

१४ जुलै

आजची बैठक फाटकावरून. माझा प्रस्ताव असा: बोळातल्या स्कूटर चौकाच्या दक्षिण बाजूला न्यायच्या, मीटरबॉक्स कमरेच्या वर चढवायचे, दोन्ही भिंतींना अठरा इंच उंचीचे ओटे बांधायचे, आणि फाटक रस्त्याकडून काढून बोळाच्या आतल्या तोंडाला लावायचं. म्हणजे बोळ रस्त्याला उघडा राहतो. वाड्यांना देवडी असायची, तशी ही चाळीची देवडी.

विरोध होणारच होता. "कोणीही येऊन बसेल." हो, बसेल. आत्ताही कोणी ना कोणी येतंच: सकाळी मासे घेऊन येणारी मावशी डोक्यावरची टोपली उतरवायला पायरी शोधते, दुपारी पार्सलवाली मुलं भिंतीच्या एक फूट सावलीत मोबाइल बघत उभी असतात, रात्रपाळीच्या वॉचमनला बसायला प्लास्टिकची फुटकी खुर्ची आहे. यांच्यातल्या कोणाकडेही एसी ऑफिस नाही. दुपारच्या उन्हात सगळ्यात जास्त वेळ रस्त्यावर हेच असतात. चाळीची सगळ्यात गार जागा त्यांच्यापासून वाचवायची असेल तर मग ती सगळ्यांसाठी आहे असं आपण म्हणू नये.

दादाभाई नौरोजी मार्गाचं उदाहरण दिलं. तेव्हाचा हॉर्नबी रोड. १८९६ मध्ये सरकारी नियमाने तिथल्या इमारतींना फुटपाथवर कमानींची सलग ओळ बांधणं भाग पाडलं. इमारती वेगवेगळ्या धाटणीच्या, मालक वेगवेगळे, पण आजही ऊन-पावसात माणूस सीएसएमटीकडून फ्लोरा फाउंटनच्या दिशेने बराचसा छताखालून चालतो. ती सावली खासगी इमारतींनी शहराला दिलेली आहे. महापालिकेने मार्च २०२२ मध्ये मुंबईचा हवामान कृती आराखडा काढला, त्यात इमारतींपासून पूर-पाण्यापर्यंत सहा क्षेत्रांची कामं मांडली आहेत. ती शेवटी अशाच नऊ फुटी बोळांपर्यंत पोचायला हवीत.

महिला मंडळाच्या अध्यक्ष काकूंनी विषय दुसऱ्या बाजूने घेतला. "बायकांना रात्री त्या बोळाची भीती वाटते ती अंधाराची आणि कपाटामागे कोण उभं असेल याची. बसलेली माणसं असली तर उलट बरं." त्यावर दोन दिवे, कपाट बाहेर, कोपरे गोल, आणि ओट्याच्या एका टोकाला पाठ व हात असलेली बैठक, गुडघेदुखीवाल्यांना उठायला आधार म्हणून. रस्त्याच्या तोंडाशी पाणपोई, नळ दोन उंचींवर.

मतदान झालं. फाटक आत गेलं, थोड्या मतांनी. रात्री अकरा ते सकाळी पाच रस्त्याच्या बाजूला दुमडतं जाळीदार दार ओढायचं, ही तडजोड मी मान्य केली. वॉचमन आतल्या ओट्यावरच असेल.

१९ ऑगस्ट

कालपासून तुफान पाऊस. शाळा-कार्यालयांना सुट्टी, लोकल ठिकठिकाणी बंद, हिंदमाताला पुन्हा पाणी. तिथे भूमिगत टाक्या झाल्यापासून पाणी पूर्वीपेक्षा लवकर ओसरतं असं लोक सांगतात, पण पाऊस जोराचा आणि त्यात भरती असली की उपसून टाकायलाच जागा उरत नाही.

बोळात दुपारी पाणी शिरलं, ओट्याच्या खाली राहिलं. मीटर कोरडे. रस्त्यावर अडकलेली माणसं ओट्यांवर चढून बसली होती: दोन नर्स, एक लहान मुलगा आणि त्याची आजी, एक पार्सलवाला, मासेवाली मावशी. महिला मंडळाने चहा खाली पाठवला. फाटक आत असल्यामुळे कोणाला परवानगी विचारावी लागली नाही. खजिनदार स्वतः टॉर्च घेऊन उभे होते.

तिसऱ्या मजल्यावर चार गाळ्यांना झडपा लागल्या आहेत. आजींची खाट बाहेरच होती. जमिनीवर कठड्यापासून वीतभर ओल, बाकी कोरडं. जिथे अजून निळं प्लास्टिक आहे तिथे ते फाटून शेजारच्या खोलीत पाणी गेलं. ते घर कालपर्यंत झडपेच्या विरोधात होतं, आज तिथल्या काकूंनी मला जिन्यातच थांबवून "आमचा नंबर कधी?" विचारलं.

एक अडचण. पाणी ओसरल्यावर बोळात गाळ बसतो आणि टाकी मारलेल्या दगडाच्या रेघांत भरतो. मऊ झाडूने निघत नाही, काथ्याचा ब्रश लागतो. सफाईवाल्या ताईंनी हे सांगितलं, आणि त्या वाकून घासतात म्हणून लांब दांड्याचे दोन ब्रश आणि देवडीतच एक नळ देखभालीच्या यादीत घातला.

३१ ऑगस्ट

गणपतीची गर्दी. लालबागकडे जाणारी माणसं रात्रभर. देवडीतले ओटे एकदाही रिकामे नव्हते, पाणपोईला रांग. कमिटीत पुन्हा कुरबुर झाली, कचऱ्यावरून. रास्त आहे. मंडळाच्या मुलांनी डबे ठेवले आणि पाळी लावली.

व्हीलचेअरवरची मुलगी यंदा पहिल्यांदा रात्री दोनपर्यंत देवडीत बसून गर्दी बघत होती. मैत्रिणी ओट्यावर, ती शेजारी. ओट्याला मधे तीन फुटांची मोकळी खाच ठेवली आहे, खुर्ची त्या ओळीत बसते, पुढे येऊन वाट अडवत नाही.

१२ ऑक्टोबर

ऑक्टोबरची उष्णता. काळ्या रंगाने रंगवलेल्या टेबल टेनिसच्या चेंडूत बसवलेले दोन थर्मामीटर पुन्हा टांगले, एक झडप असलेल्या गाळ्यात, एक नसलेल्या. नुसता हवेचा पारा दोन्हीकडे जवळजवळ सारखा असतो. चेंडूतला पारा मात्र आसपासच्या तापलेल्या भिंती, पत्रे आणि ऊन हेही धरतो, अंगाला जे जाणवतं त्याच्या तो जास्त जवळ. दुपारी साडेचारला दोन्हींत पाच अंशांचा फरक. आजींच्या सुनेला आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, "टॉवेल धरायला जात नाही आता मी, तेवढं कळतं."

गच्चीवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचं काम पूर्ण. तिसऱ्या मजल्याच्या छताला दुपारी हात लावता येतो.

राहिलेलं बरंच आहे. दुसऱ्या मजल्याचा आतला दांडा दक्षिण बाजूला लागायचा आहे आणि काकांनी त्याची दोनदा आठवण केली आहे. वरच्या मजल्यावरच्या माणसांना खाली आणायला लिफ्ट नाही. आजी तीन वर्षांत चौकात उतरलेल्या नाहीत, आणि झडप कितीही चांगली झाली तरी तो प्रश्न तिथेच आहे. चौकाच्या आग्नेय कोपऱ्यात, जुन्या सामायिक संडासांच्या जागी, बाहेरून लिफ्टचा मनोरा बसतो. प्रत्येक मजल्यावर तो थेट गॅलरीत उघडेल, आणि त्याच्याभोवती भिंतींऐवजी जाळी ठेवली तर वाराही अडणार नाही. स्ट्रक्चरल इंजिनियर पायाची तपासणी पुढच्या आठवड्यात करतील. खर्चाचा अंदाज दिवाळीनंतरच्या बैठकीत मांडायचा, आणि या वेळी यादीत तो पहिल्या ओळीत लिहायचा, "जमलं तर" न लावता.